एकतीस नंबरचे केस

४ सप्टेंबर

मामी,

पाकिटावरचं अक्षर कदाचित ओळखलं नसेल, म्हणून आधी सांगते: मी मोजूबाई. तुमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत वर यायची आणि मध्येच चुकली की खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, ती. हे नाव मामानं ठेवलं होतं. आई आधीच गेलेली, मग मामा गेला. या नावानं हाक मारणारं आता इथे कोणी नाही.

मामा गेल्याला दोन वर्षं होतील. तेवढ्या काळात मी एक ओळ लिहिली नाही. सुरुवातीला राहून गेलं, मग लिहायची लाज वाटायला लागली आणि पुढे लाजेचीच सवय झाली. आता लिहितेय तेही कामासाठी. गोड बोलून मग काम काढण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

आमच्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क काढतात हे तुम्हाला माहीत आहे. सध्या माक्याच्या पानांचा अर्क केसगळतीवर चालतो का, हे तपासायचं चाललं आहे. चौसष्ट माणसं हवीत, साठ मिळाली. पन्नाशीपुढच्या बायका कमी पडताहेत. मामाच्या आजारपणात मी दोन दिवस राहिले होते, तेव्हा मोरीच्या जाळीवर तुमच्या केसांचा पुंजका पाहिला होता. बोलले नाही. ती वेळ नव्हती.

काम सोपं आहे. रोज सकाळी बाटलीतलं पाणी डोक्याला चोळायचं. दर रविवारी पांढऱ्या फडक्यावर वाकून एक मिनिट केस विंचरायचे, पडलेले मोजायचे आणि आकडा लिहून केसांसकट पाकीट मला पाठवायचं. निम्म्या बाटल्यांत अर्क आहे, निम्म्यांत नुसतं रंगवलेलं पाणी. कुठली कोणाकडे गेली ते मलाही ठाऊक नाही. ती यादी मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या प्रमुखांच्या, कपाटात बंद आहे. चोवीस आठवडे चालेल. लागोपाठ तीन पाकिटं आली नाहीत तर नंबर खोडतात.

जमेल का? नाही म्हणालात तरी राग नाही.

मोजूबाई

११ सप्टेंबर

मोजूबाईस,

अगं, दोन वर्षांनी आठवण आली तीही माझ्या गळक्या केसांची! पत्र खालच्या चष्मेवाल्यानं वर आणून दिलं. "सरकारी दिसतंय," म्हणाला. म्हटलं, मेल्या, सरकार कधी इतक्या सुबक अक्षरात लिहितं का? दिवसभर चष्मे विकतो आणि स्वतःला दिसत नाही.

घाल माझा नंबर. केस गळायचे थांबतील असं काही मला वाटत नाही. तुझ्या मामानं टकलावर काय काय चोळलं ते मी पाहिलंय. कांद्याचा रस चोळला तेव्हा केस आले नाहीत, माशा मात्र आल्या. पण तो रोज आरशासमोर उभा राहून "आज जरा दाट वाटतंय" म्हणायचा आणि मीही "हो, जरा" म्हणायची. तीस वर्षांच्या संसारात एवढं खोटं चालतं.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्ट्या मारतं, आणि तुझा आवाज आधीच उंदरासारखा. लिहीच.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा मामा होता म्हणून मी मामी. तो गेल्यावर तुमच्याकडच्या माणसांशी माझं नातं काय उरलं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. कोणी विचारतं का असं? शिवणयंत्र अजून खिडकीशी आहे. शाळांच्या गणवेशांचं काम मागच्या वर्षी बंद केलं, डोळे साथ देत नाहीत. त्यामुळे दिवस मोठा होतो. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, आणि त्यातलं तीन चतुर्थांश तर नियमच आहेत!

तुझी मामी

(असं लिहिलं तर चालतं ना अजून?)

२६ सप्टेंबर

मामी,

चालतं. असला प्रश्न पुन्हा विचारू नका.

बाटल्या पाठवल्या आहेत. तुमचा नंबर एकतीस. डोक्यावर चोळताना नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी चोळा. वास आवडणार नाही. पानं सावलीत वाळवून दळायची, स्पिरिट आणि पाण्यात तीन दिवस भिजवायची, गाळायची, मग मंद आचेवर आटवत बसायचं. शेवटी तळाशी काळपट हिरवा चिकट गोळा उरतो. टोपलीभर पानांचा लिंबाएवढा गोळा. दोन दिवस तो आटवत बसले की माझ्या जेवणाच्या डब्यालासुद्धा तोच वास लागतो. नुसत्या पाण्याच्या बाटल्यांनाही तो वास लावावा लागतो, नाहीतर माणसं ओळखतात.

आलेली पाकिटं उघडणं आणि केस काचेखाली पाहणं हे माझं काम. खोलीत मी एकटीच असते. आधी समोरच्या टेबलावर एक जण होती, ती लग्न करून गेली. तिच्या जागी आता बाटल्यांचे खोके आहेत. साठ माणसांचे केस येतात आणि कागदावर फक्त आकडा असतो. तुम्ही आकड्याबरोबर दोन ओळी लिहाल ना? नियमात बसत नाही, पण नियमात मनाई पण नाही.

मोजूबाई

१९ ऑक्टोबर

मोजूबाईस,

पहिल्या रविवारी त्रेचाळीस, दुसऱ्या रविवारी एकेचाळीस, आज पुन्हा चव्वेचाळीस. त्यातले सोळा पांढरे. पांढऱ्या फडक्यावर पांढरे केस मोजायचे म्हणजे तुमच्या मोठ्या बाईंना विनोदाची आवड दिसते. गणवेशाच्या सदऱ्याचं उरलेलं कापड घेतलंय. केस निळ्या दोऱ्यानं बांधून पाठवतेय, पाकिटात विस्कटू नयेत म्हणून.

रविवार मला आता आवडायला लागलाय. आधी तोच सगळ्यांत वाईट वार होता. खालचं दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी दूध दोनदा तापवायची, काहीतरी करायचं म्हणून. आता सकाळी विंचरणं, मोजणं, तुला लिहिणं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून येणं, यात दुपार होते. मग गुरुवारी शुक्रवारी तुझं उत्तर.

परवा बसून हिशेब केला. चोवीस आठवडे म्हणजे मार्चचा शेवट. त्यानंतर काय गं? म्हणजे तुमचा प्रयोग संपल्यावर कोणी मला पाकीट पाठव म्हणणार नाही, हे बरोबर ना? नुसतं विचारते. इतकं नेमानं कोणाला लिहायची मला सवयच नव्हती, तू लावलीस.

मामी

६ नोव्हेंबर

मामी,

एकोणीस तारखेनंतर तुमचं पाकीट नाही. दोन रविवार गेले. या रविवारचंही आलं नाही तर मोठ्या बाई एकतीस नंबर खोडतील. मी त्यांना टपालाचा घोळ असेल असं सांगून ठेवलंय.

बऱ्या आहात ना? उलट टपाली लिहा. आकडा नसला तरी चालेल.

मोजूबाई

१० नोव्हेंबर

मोजूबाईस,

बरी आहे, बरी आहे. अचानक पाहुणे आले. माझी चुलत बहीण, तिची सून, नातवंडं. दोन खोल्यांत सात माणसं, पाय ठेवायला जागा नाही. पाकिटं तयार होती, पेटीपर्यंत जायला सवड झाली नाही. तिन्ही सोबत आहेत. आकडे बघ: अठ्ठावीस, बावीस, अठरा!

अक्षर वाकडं आलंय ते पेन नवीन आहे म्हणून. थंडी वाढलीय, डोक्याला रुमाल बांधून बसते. एकतीस नंबर खोडला नाही ना? तेवढं आधी कळव.

मामी

१६ नोव्हेंबर

मामी,

नाही खोडला.

पाहुणे आले हे वाचून बरं वाटलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. दोन खोल्यांत सात माणसं! माझ्या खोलीत दुसरी खुर्ची आहे, तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते. तुम्हाला इतकी माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मला उगाच वाटत होतं की तुम्ही एकट्याच असता.

केस पाहिले. नोंद केली. सगळं ठीक आहे. अठरा हा फारच चांगला आकडा आहे, मोठ्या बाईंनी वहीत त्याच्याभोवती गोल काढलाय.

रुमाल सुती वापरा. आणि लिहीत राहा.

मोजूबाई

४ जानेवारी

मोजूबाईस,

आज नऊ. हो, नऊच! आता कंगव्यालाच कंटाळा यायला लागलाय. चष्मेवाला काल म्हणाला, "बाई, केस भरल्यासारखे दिसतात." त्याचं म्हणणं किती धरायचं ते तूच ठरव.

तुझं मागचं पत्र लांब होतं. छान वाटलं. ते तुझ्या खिडकीसमोरच्या कारखान्यातले लोक भोंगा झाला की एकदम बाहेर पडतात आणि तू त्यांच्यातला निळ्या टोपीवाला शोधतेस, तो सापडला का पुन्हा? त्याच्याशी बोलायला काय हरकत आहे? उंदरासारखा आवाज असला तरी उंदीरही बोलतातच की.

पाहुणे गेले. घर पुन्हा मोठं झालंय. मोठ्या बाई माझ्यावर खूष आहेत ना? गुण येत असलेल्या माणसाला मध्येच काढत नसतील, असं मी धरून चालते.

मामी

२४ जानेवारी

मामी,

एक अडचण आली आहे. मोठ्या बाई तुमच्यावर इतक्या खूष आहेत की त्यांना एकतीस नंबरच्या डोक्याचा फोटो हवाय. चौसष्ट माणसांत इतका फरक दुसऱ्या कोणाला पडलेला नाही. त्या म्हणतात, याच नंबरापासून अहवालाची सुरुवात करायची. तुमच्या घराजवळच्या दवाखान्यात सोय केली आहे. पाच फेब्रुवारीच्या आत जायचं, भांगाजवळ फोटो काढतील, पाच मिनिटांचं काम.

मी दोनदा म्हटलं की वयस्कर बाई आहेत, थंडीत कशाला बाहेर काढायचं. ऐकलं नाही.

मामी, तुम्हाला मला काही सांगायचं असेल तर सांगा.

मोजूबाई

३१ जानेवारी

मोजूबाईस,

सांगते.

पाहुणे आले नव्हते. चुलत बहीण आहे, पण तिला मी जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नसेल. ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला मी जिन्यावरून पडले. तुला टाकायचं पत्र हातात होतं आणि वरच्या पायरीवर पाय सटकला. डोकं कठड्यावर आपटलं. चष्मेवाल्यानं गाडी बोलावली. अकरा दिवस इस्पितळात होते. चौदा टाके पडले. इतके वेडेवाकडे घातलेत, की शाळेचा सदरा मी असा शिवला असता तर मुख्याध्यापकांनी तोंडावर फेकला असता.

टाके घालायला डोकं भादरलं. पूर्ण. नर्स बिचारी भली होती, तिनं वेणी कापून कागदी पिशवीत घालून माझ्या उशाशी ठेवली. "घरी न्यायची असते कोणाकोणाला," म्हणाली. मी घरी आले आणि चार दिवसांनी तुझं सहा तारखेचं पत्र दारात पडलं. एकतीस नंबर खोडतील, असं. डोक्यावर एक केस नाही आणि मी रविवारी विंचरणार काय? मग पिशवी उघडली आणि वेणीतले केस काढले. आकडे मनाचे लिहिले. गुण येतोय म्हटलं तर तुम्ही मला ठेवाल, म्हणून दर वेळी थोडे कमी. आता बोटभर वाढलेत, पण बोटभर केस पाठवले असते तर पहिल्याच दिवशी पकडली गेले असते. बाटल्या मी पडल्यापासून उघडलेल्या नाहीत.

तुमचा प्रयोग मी नासवला. मोठ्या बाईंची क्षमा माग. मला काय माहीत त्या माझ्या खोट्याभोवती गोल काढत बसल्यात!

आता एवढं केलंच आहे तर एक आणखी लिहिते. इस्पितळात एक फॉर्म असतो. त्यात जवळच्या माणसाचं नाव लिहायचं असतं. नर्सनं तीनदा विचारलं. तुझं नाव, पत्ता सगळं जिभेवर होतं. नाही सांगितलं. "कोणी नाही" असं लिहायला लावलं. तुझं नाव दिलं असतं तर त्यांनी तुला बोलावलं असतं. आणि तू आली नसतीस तर? तर मग मी ती रविवारची पत्रं कोणाला लिहिली असती?

मामी

६ फेब्रुवारी

मामी,

मला माहीत होतं.

पडलात हे माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर त्याच दिवशी निघाले असते, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण केस तुम्ही विंचरून काढलेले नाहीत, हे मला दहा नोव्हेंबरच्या पाकिटांपासून माहीत होतं. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरी गाठ असते. डोळ्यांना दिसत नाही, काचेखाली लगेच दिसते. कापलेल्या केसाला ती नसते. तुमच्या एकाही केसाला नव्हती. तुम्ही आयुष्यभर धागा हाताळलात, त्याची दोन्ही टोकं सारखीच. केसाचं तसं नसतं.

मी पहिल्यांदा समजले की पाहुण्यांच्या गडबडीत विंचरायला वेळ झाला नसेल, म्हणून चार केस कापून टाकलेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा मी विचारायला हवं होतं. मामी, केस कापून का पाठवता? एवढं एक वाक्य. मी ते एकदा लिहिलंही आणि कागद फाडून टाकला. विचारलं असतं तर नंबर खोडावा लागला असता आणि गुरुवारची पत्रं बंद झाली असती. तुम्हाला माणसांची कमी नाही असं मी समजत होते. म्हणजे प्रयोग संपला की तुम्ही मला विसराल आणि मीच एकटी उरेन, असा माझा हिशेब. बारा आठवडे मी काचेखाली कापलेले केस पाहिले आणि वहीत "मुळं नीट" असं लिहिलं.

त्या बारा आठवड्यांत तुम्ही टाके पडलेलं डोकं घेऊन एकट्या जिना चढत उतरत होतात. पेटीपर्यंत जात होतात. मला पाकीट टाकायला.

काल मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. तुमचं आणि माझंही. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकतीस नंबरचं पान त्यांनी वहीतून कापलं. मला केसांच्या टेबलावरून काढून काचेची भांडी धुवायला लावलंय, मार्चपर्यंत. पुढचं मार्चमध्ये ठरेल. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना कोणी आहे का?" मी म्हटलं, मी आहे. बोलताना आवाज उंदरासारखाच आला, पण त्यांना ऐकू गेलं.

चौदा तारखेला शनिवारी येते. नको म्हणालात तरी येते.

मोजूबाई

९ फेब्रुवारी

ये. मी रागावलेली आहे. आलीस की बघू.

मामी

१७ फेब्रुवारी

मोजूबाईस,

पोहोचलीस का ते आधी कळव. तुझा सुती रुमाल इथे राहिला, तो आता मीच वापरतेय.

किती वाईट गेला गं शनिवार! मी तुझ्यासाठी वाक्यं तयार करून ठेवली होती. "केसानं गळा कापलास माझा," हे तर दारातच म्हणायचं होतं. पण तू जिना चढून आलीस, पिशवी खाली ठेवलीस, आणि आपण दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो, जशा दवाखान्यात अनोळखी बायका बाकावर बसतात. तू काहीतरी म्हणालीस, मला ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हटलं, तू पुन्हा म्हणालीस, यंत्रानं शिट्टी मारली. तिसऱ्यांदा तू नुसती हसलीस. मग जेवण, मग भांडी. पत्रांत आपण किती बोलतो आणि समोरासमोर दोघींची दातखीळ! तू वहीचा कागद काढून त्याच्यावर लिहायला लागलीस तेव्हा मी तो बाजूला सारला. समोर बसून कसली पत्रं लिहायची? आता वाटतं, लिहू द्यायला हवं होतं.

रविवारी तू पाणी तापवलंस आणि माझा रुमाल सोडलास. मी नको म्हणणार होते. त्या टाक्यांच्या रेषा कुणाला दाखवायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, चष्मेवाल्यालासुद्धा दाखवल्या नाहीत. तू काही विचारलं नाहीस. बोटांच्या पेरांनी धुतलंस, नखं न लावता. तुझा मामा गेल्यापासून माझ्या डोक्याला लागलेला हातमोजे न घातलेला हा पहिला हात. मी मान खाली घालून रडत होते आणि तुला वाटलं डोळ्यांत साबण गेला. तू घाईघाईनं पाणी ओतलंस. बरं केलंस.

तुझ्यावर रागावले होते ते खरं होतं, आणि थोडी अजूनही आहे. बारा आठवडे ओळखून गप्प बसलीस. पण मीही अकरा दिवस तुझं नाव घेतलं नाही. आपण दोघी सारख्याच घाबरट, आता कोणी कोणाला बोलायचं?

आणि सोमवारी सकाळी. तू निघालीस तेव्हा तुला वाटलं मी झोपलेय. पापण्यांच्या फटीतून पाहिलं, तू पायातल्या चपला हातात घेतल्यास, आवाज होऊ नये म्हणून, मला बहिरीला! मग माझ्याजवळ येऊन डोक्यावर हात ठेवलास आणि खूप वेळ तशीच उभी राहिलीस. मी जागी होते, मोजूबाई. पहाटेपासून जागी होते. डोळे उघडले असते तर "राहा" म्हटलं असतं, आणि तुला गाडी होती, भांडी होती, मोठ्या बाई होत्या. म्हणून मिटून पडले. दार ओढलेलं मला ऐकू आलं नाही, गार हवा आली तेव्हा कळलं तू गेलीस.

तोंडानं जमलं नाही ते लिहिते. मार्चमध्ये त्या बाई काय ठरवायचं ते ठरवोत, ठेवोत नाहीतर काढोत. शिवणयंत्र मी खिडकीपासून हलवून घेतलंय, तिथे पलंग मावतो. इथे राहायला ये.

मामी